मासीचं दुभतं मशीन

"दूध! दूध नीकळे छे, अल्या! मशीन छे के भेंस?"

मासी, म्हणजे गुजरातीत मावशी, ओरडत होती. गुडघाभर पाण्यात उभी, साडी खोचलेली, एका हातात पान्हा आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. तापीच्या दोन्ही काठांवरचे बगळे एकदम उडाले. मासीचा आवाज हा खरं तर स्वतंत्र विषय आहे. वारा बरोबर असला तर तो कामरेजला ऐकू जायचा, आणि पलसाण्याच्या रंगाई कारखान्यांतले कामगार जेवणाचा भोंगा समजून डबे उघडायचे. मी वाढवून सांगत नाही. मासीच्या नातेवाइकांना वाईट वाटू नये म्हणून थोडं कमीच करून सांगतो आहे.

ती ओरडत होती माझ्या दाजींवर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते ओवाऱ्यावर, म्हणजे सुरतेत नदीच्या घाटाला जे म्हणतात तिथे, आपल्या पत्र्याच्या टपरीसमोर उभे होते आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू होतं. शिव्या खाताना माणूस इतका प्रसन्न कसा, असं नवख्याला वाटलं असतं. कारण साधं होतं. उधन्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, वर्षानुवर्षं काढल्यामुळे दाजींचे कान जवळजवळ गेले होते. खात्यात सगळे माग एकदम चालू असले की कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. दाजी घरीही तसेच बोलायचे. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला त्यांची एक भुवई पुरायची. जगात त्यांना विनाकष्ट, स्पष्ट, प्रत्येक काना-मात्रेसकट ऐकू येणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मासी. त्यामुळे ती काय बोलते यापेक्षा ती बोलते याचाच त्यांना आनंद व्हायचा.

"काय म्हणतात मासी?" मी त्यांच्या कानात ओरडलो.

"दूध निघालं म्हणतात," दाजी समाधानानं म्हणाले. मग त्यांना अर्थ लागला आणि हसू गेलं.

मासीची होडी होती. पलीकडच्या काठावरच्या वाड्यांतली वांगी, पापडी, रताळी आणि ती विकणाऱ्या बाया अलीकडे आणायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या टोपल्या परत न्यायच्या, असा तिचा धंदा. होडी चालवायचे काका, मासीचे यजमान. त्यांचं लग्न झालं त्या दिवशी घरातलं सगळं बोलणं मासीच्या वाट्याला गेलं असावं आणि काकांच्या वाट्याला होडी आली असावी. काका बोलत नसत. "हो" म्हणायलाही ते आधी नदीकडे बघून घ्यायचे, जणू तिची परवानगी हवी. होडीच्या मागे बाहेरून अडकवलेलं इंजिन होतं: वर डोकं, मध्ये लांब पाय, आणि पाण्याखाली पायाच्या टोकाला गिअरबॉक्स आणि पंखा. ओवाऱ्यावर त्याला सगळे मशीनच म्हणत.

त्या गिअरबॉक्समध्ये घट्ट, मधाच्या रंगाचं तेल असतं. मासीच्या डब्यात जे होतं ते मधाच्या रंगाचं नव्हतं. पांढरंफेक, फेसाळ, वर साय धरेल की काय असं. मी तर म्हणेन, बारडोलीच्या बाजूची एखादी म्हैस लाजली असती. तेलात पाणी गेलं आणि गिअरनी ते घुसळलं की असंच होतं. आणि असं दूध पिऊन चालणारे गिअर फार दिवस चालत नाहीत. गंजतात, दात पडतात, आणि होडी भर नदीत वांग्यांसकट समुद्राकडे निघते.

आता यात दाजींचं काय अडलं होतं ते सांगतो. दाजींनी खातं सोडून नुकतीच ही टपरी टाकली होती. त्यांच्या हातात कला होती. लूमचे गिअर, रिक्षाचे गिअर, काहीही उघडून परत मिटायचे. पण ओवाऱ्यावरच्या होडीवाल्यांनी त्यांच्याकडे फक्त एकच मशीन दिलं होतं, मासीचं, आणि बाकीचे काठावर बसून बघत होते. मासीचं झालं तर सगळ्यांची मशीनं दाजींकडे. आणि तिकडे खात्याच्या शेठनं निरोप धाडला होता की सोमवारी आलास तर तुझे माग तुझे, नाहीतर दुसरा माणूस बसवतो. बहिणीनं मधला मार्ग काढला. तिनं ताटं वाढता वाढता सांगून टाकलं की रविवारपर्यंत मासीचं मशीन नीट झालं तर टपरी, नाहीतर सोमवारी मुकाट्यानं खात्यात. दाजींनी भुवईनं विरोध नोंदवला. बहिणीनं वरण वाढलं. निकाल लागला.

तर या मशीनचं दुखणं सुरुवातीला वेगळंच होतं. मासीनं ते आणलं तेव्हा ते दूध देत नव्हतं, तेल सांडत होतं. होडी चालली की मागे पाण्यावर इंद्रधनुष्याचा पट्टा उमटायचा, इतका सुंदर की पलीकडच्या पोरी तो बघायला यायच्या. दाजींनी पंखा काढला. पंख्यामागे दांड्याला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला. किती दोरा? तो सरळ केला असता तर डुमसच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत आला असता. तो फिरत फिरत आत घुसला होता आणि त्यानं दांड्याभोवतीची ऑइल सीलं कापली होती.

ऑइल सील म्हणजे रबराची बांगडी. आतल्या कडेला पातळ ओठ, ओठाभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग. तो ओठ फिरत्या दांड्याला बिलगून बसतो. या दांड्यावर अशी दोन सीलं होती, एकामागे एक. दाजींनी ती स्क्रू-ड्रायव्हरनं उचकून काढली, पण दोऱ्यानं आधीच त्यांचा चिवडा केला होता. तुकडे तुकडे हातात आले. कुठलं कसं बसलं होतं, काही कळायला जागा नव्हती. दाजींना त्याची गरजही वाटली नाही. त्यांनी मापं घेतली, बाजारातून त्याच मापाची नवी सीलं आणली, दांडा पॉलिशपेपरनं आरशासारखा केला, ओठांना ग्रीस लावलं आणि लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं सीलं बसवली. बसवताना ते खात्यातलं वाक्य म्हणाले, जे सगळे लूमचे आणि रिक्षाचे मिस्त्री म्हणतात:

"तोंड तेलाकडे."

सीलचा ओठ ज्या बाजूला उघडतो ते सीलचं तोंड. ते तेलाकडे केलं की तेल जितकं दाबेल तितका ओठ घट्ट होतो. दाजींनी दोन्ही सीलांची तोंडं तेलाकडे केली. एकाचं बरोबर तर दोघांचं दुप्पट बरोबर.

इंद्रधनुष्य बंद झालं. पोरी हिरमुसल्या. आणि दोन-चार फेऱ्यांनंतर मासीनं सहज बोल्ट उघडून बघितला तर दूध.

आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणतो, कारण माझं लिंबायतला सायकलचं दुकान होतं आणि हवा भरण्यात माझा हात धरणारा त्या काळी तापीच्या दक्षिणेला कुणी नव्हता. गळती शोधायची पद्धत पंक्चरचीच असते. गिअरबॉक्स सोडवायचा, तेल काढायचं, एका भोकात नळी बसवून आत हवा भरायची आणि पाण्याच्या ड्रममध्ये बुडवायचं. जिथून बुडबुडे, तिथे गळती.

मी हवा भरली. बुडबुडा नाही. अजून भरली. बुडबुडा नाही. माझ्या दंडाच्या बेडक्या इतक्या फुगल्या की ओवाऱ्यावर धुणं धुणाऱ्या बायांनी धुणं थांबवलं. तरी ड्रममधलं पाणी शांत, त्यात नुसतं आमचं तोंड दिसतंय.

"गळत नाही," दाजी म्हणाले.

"मग पाणी कुठून गेलं? मी घातलं?" मासी उलट्या टोपलीवर बसून खटला चालवत होती. "का त्यानं घातलं?" त्यानं म्हणजे काकांनी. काका नदीकडे बघत होते.

दाजींनी बोल्टांखालचे वायसर बदलले. परत हवा, परत शांत पाणी. वरच्या उभ्या दांड्याचं सील तपासलं. गिअरबॉक्सच्या अंगावर चीर आहे का म्हणून रॉकेलनं पुसून खडू फासला. चीर असती तर ओल दिसली असती. दिसली नाही. मशीन परत होडीला लावलं, काका पलीकडे जाऊन आले, बोल्ट उघडला. दूध. दाजींनी खाली बसून डोक्याला हात लावला. मी त्यांना धीर द्यायला म्हणालो, "दाजी, टपरी बंद करून डेअरी काढू." त्यांना ऐकू गेलं नाही. मासीला गेलं. ती इतकी हसली की होडीचा दोर सुटला.

असं करता करता शनिवार उजाडला. दाजी सकाळी चहाच्या वेळी मान खाली घालून बसलेले. बहिणीनं विचारलं, "काय व्हयनं?" त्यांनी हातानं दाखवलं: काही नाही. आणि तो हात परत मांडीवर ठेवताना त्यांनी नकळत बोटांनी तुटलेला धागा जोडायची लूमवाल्याची चिमूट केली. ती बहिणीनं पाहिली आणि मीही. खात्यात जायची तयारी बोटांनी आधीच सुरू केली होती. बहिणीच्या हातून चहात साखर जास्त पडली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

त्या दिवशी माझा पंप कुरकुरत होता. हवा भरायच्या साध्या हातपंपात दांड्याच्या टोकाला चामड्याची एक वाटी असते. दट्ट्या खाली दाबला की वाटीच्या कडा पसरून नळीला चिकटतात आणि हवा पुढे जाते. वर ओढला की कडा मिटतात आणि बाजूनं नवी हवा येते. चामडं सुकलं की पंप रुसतो. मी ओवाऱ्यावरच पंप उघडला, वाटीला एरंडेल चोळलं आणि परत बसवली. मासी त्या वेळी मला माझ्या खानदानाबद्दल काहीतरी विचारत होती, त्यामुळे वाटी उलटी बसली. मी ती मुद्दाम उलटी बसवली, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलोय, आणि इतक्या वेळा सांगितल्यावर आता त्यात खोटं काही उरलेलं नाही.

गिअरबॉक्स ड्रममध्ये बुडालेला. मी दट्ट्या दाबला. काही नाही; नुसता फुसका. मी वर ओढला, आणि दट्ट्या हाताला जड लागला, जणू आतून कुणी धरून ठेवलाय. मी पण खानदेशी. मी पाय ड्रमला लावला आणि ओढला.

"गुटुक," असा आवाज आला.

हा आवाज दाजींना ऐकू आला. आता बहिऱ्या माणसाला हा आवाज कसा ऐकू येईल, असं कुणी विचारेल. मी सांगतो, त्यांचा हात गिअरबॉक्सवर होता. खात्यात लूम बिघडला की तो त्यांना तळहातानंच कळायचा. ते एकदम ताठ झाले. हात वर करून त्यांनी मला खूण केली: परत.

मी परत ओढला. गुटुक. परत. गुटुक. तहानलेला बैल पाणी पितो तसा. दाजींनी गिअरबॉक्स बाहेर काढला, खालचा बोल्ट काढला, आणि ज्या पेटीत सकाळी थेंब नव्हता तिच्यातून तापी वाहायला लागली. माझी आठवण सांगते की तीन बादल्या भरल्या. पेटीत पेलाभर मावतं हे मला माहीत आहे, पण माझी आठवणही मीच घडवलेली आहे.

"थुंकत नाही," दाजी हळूच म्हणाले. "पिते."

मग त्यांनी माझ्या हातातून पंप घेतला, उघडला आणि चामड्याची वाटी बाहेर काढून तळहातावर ठेवली. बराच वेळ बघत राहिले. एकदा तोंड वर, एकदा तोंड खाली. ओल्या चामड्याची ती वाटी आणि टपरीत टांगलेलं सील, दोघी सख्ख्या बहिणी. तोंड एकीकडे केलं तर दाबते, दुसरीकडे केलं तर ओढते. दाजींचा चेहरा जसा उजळला तसा मी फक्त एकदाच पाहिला होता, लग्नात, अंतरपाट दूर झाल्यावर, आणि तेव्हाही थोडा कमीच.

"शालकबुवा," ते ओरडले. ते कधी ओरडत नसत, मासीसुद्धा दचकली. "लूमला बाहेरून कोण त्रास देतं?"

"शेठ," मी म्हणालो.

"नुसता रुवा! कापसाचा रुवा! रिक्षाला बाहेरून धूळ. म्हणून आपण म्हणतो तोंड तेलाकडे; तेल आत ठेवलं की झालं. इथं बाहेर नदी आहे नदी! आतून तेल दाबतं, बाहेरून पाणी दाबतं. आणि मी काय केलं? दोघांनाही तेलाकडे तोंड करून बसवलं. पाणी मागून आलं, पाठीवर टकटक केलं, ओठ उचलला गेला, आणि घुसलं."

खरंच की. आम्ही आतून हवा भरत होतो तेव्हा सीलं छाती काढून उभी होती. बाहेरून कुणी येतंय का, हे आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. साऱ्या सुरतेत ही चूक कुणी केली नसती. नदीवर जन्मलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. आम्ही पडलो मागावरची माणसं. आमच्या लेखी पाणी नळाला यायचं, तेही लवकर उठलं तर.

"मग काय करायचं?" मासी म्हणाली. पहिल्यांदाच हळू. म्हणजे फक्त समोरच्या काठापर्यंत.

दाजींनी दोन्ही तळहातांच्या पाठी एकमेकींना लावल्या. एक पंजा आत उघडलेला, एक बाहेर. पाठीला पाठ. एकाचं तोंड तेलाकडे, एकाचं पाण्याकडे. मला ती खूण लगेच कळली, कारण दाजी आणि माझी बहीण भांडल्यावर असेच बसायचे, एक भिंतीकडे बघून, एक दाराकडे बघून. आणि त्या दिवसांत घरात चोर तर सोडाच, मांजरही शिरू शकत नसे.

बसवलेली सीलं काढली की वाया जातात, म्हणून मी सायकल काढली आणि बाजारात नवी आणायला सुटलो. किती वेगात ते सांगत नाही. रिंगरोडवर एका ट्रकवाल्यानं मला बाजू दिली एवढंच सांगतो. दाजींनी आतलं सील बसवलं, तोंड तेलाकडे. दोन्हींच्या पाठींमध्ये ग्रीस भरलं. मग बाहेरचं हातात घेतलं, आणि त्यांचा हात थांबला. इतक्या वर्षांची सवय. बोटं आपोआप ते उलटं करायला बघत होती. त्यांनी उजव्या हाताला डाव्या हातानं धरलं, डोळे मिटले आणि सील नदीकडे तोंड करून बसवलं. मग पंप. सरळ वाटीनं दाबलं, बुडबुडा नाही. उलट्या वाटीनं ओढलं, गुटुक नाही. दट्ट्या सोडला तर तो स्वतःहून सटकन खाली गेला आणि माझ्या अंगठ्यावर बसला. तो अंगठा पावसाळ्यात अजून दुखतो. तसा तो उन्हाळ्यातही दुखतो, पण तेव्हा मला ऐकवायला माणसं कमी भेटतात.

रविवारी काकांनी दिवसभर होडी चालवली. वांगी आणली, पापडी आणली, एक शिवणयंत्र आणलं, दोन शेळ्या आणल्या. दाजी काठावर उभे राहून प्रत्येक फेरीला मान हलवत होते. उन्हं उतरायला लागली तेव्हा बहीण आली. ती ओवाऱ्यावर कधी येत नसे. पदर खोचून ती थेट टपरीपाशी आली. दाजींनी मशीन वर उचलून धरून ठेवलं होतं, पाय सरळ खाली, म्हणजे आत पाणी असलंच तर ते तळाशी बसावं. पाणी तेलाखाली जातं आणि खालचा बोल्ट उघडला की आधी तेच बाहेर येतं. बाकीचे होडीवालेही येऊन उभे राहिले. कुणी मुद्दाम आलेलं नव्हतं. सगळ्यांना अचानक तिथेच विडी ओढायची आठवण झाली होती.

दाजींनी बोल्ट सैल केला आणि खाली पत्र्याचा डबा धरला. थेंब लोंबला. लांबला. पडला. मग दुसरा. मग सावकाश, जाड धार.

मी एवढ्या जोरात ओरडलो की मासीनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मग ती ओरडली, आणि माझं ओरडणं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. होडीवाले बोलायला लागले, शेळ्या ओरडायला लागल्या, कुणीतरी दाजींच्या पाठीवर थापा मारत होतं, आणि एक जण आत्ताच आपलं मशीन सोडवून आणतो म्हणून पळत सुटला. मी बहिणीला ती सगळी कथा सांगायला लागलो, वाटी, गुटुक, तीन बादल्या. तिनं हात वर केला.

"तू गप. तुन्हं मी काहीच धरत नही." मग दाजींकडे बघून, मोठ्यानं, "आणि तुमचंही नाही. तुम्हाला खात्यात जायचं नाहीये." मग तिनं मासीकडे बघितलं आणि तिला वगळलं, कारण मासीनं आत्तापर्यंत त्या तेलाला मध, सोनं आणि गंगाजल अशी सगळी नावं दिली होती. बहिणीनं डबा दाजींच्या हातातून काढून घेतला आणि गर्दीतून वाट काढत होडीकडे गेली. काका होडीच्या काठावर बसून दोर गुंडाळत होते. तिनं डबा त्यांच्यासमोर धरला.

"काका, तुम्ही सांगा. हे काय आहे?"

सगळे गप्प झाले. मासीसुद्धा. काकांनी दोर खाली ठेवला. डब्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, उन्हाकडे धरून पाहिलं, नाकाशी नेलं. मग नदीकडे पाहिलं. मग बोट लेंग्याला पुसलं.

"तेल छे," काका म्हणाले.